जीपची झडप मी बंद करून आणली

लग्न होऊन आले तेव्हापासून मी आमच्या जीपला घाबरायची. लष्कराच्या लिलावातली जीप, पेट्रोलवर चालणारी, माझ्या नवऱ्यापेक्षा वयाने मोठी, आणि सकाळी चालू करताना असा बार काढायची की अंगावर पिणारी पोरगी दचकून तोंड काढायची. हे ती बदलापूर गावातून धरणाच्या रस्त्याला पाड्यांपर्यंत शेअरवर चालवायचे, पुढे चार, मागे दहा, फळीवर उभे राहतात ते वेगळेच. मी बसले की दांडा धरून डोळे मिटून घ्यायची. हे म्हणायचे, "डोळे मिटून काय होतं?" मी म्हणायची, "पडली तर दिसायला नको."

हे म्हणजे माझे मालक. नाव घ्यायची मला अजून सवय नाही.

हे झडपेचं झालं त्याच्या आदल्या वर्षी जयंतीच्या मिरवणुकीत आमचीच जीप पुढे होती. फुलं लावलेली, वर फोटो, मागे सगळी वस्ती पांढऱ्या कपड्यात. एप्रिलचं ऊन, आणि मिरवणूक म्हणजे चालत्या माणसाच्या मागे गाडी, मुंगीच्या पावलाने. अर्ध्या रस्त्यात नाक्यावर जीपने दोन खोक काढले आणि बसली. ह्यांनी इंजिनाला पेट्रोल ओढणाऱ्या पंपावर ओलं फडकं टाकलं, बॉनेट उघडून वारा घातला, सेल्फ मारून मारून बॅटरी संपवली, पण नाहीच. मग पोरांनी ढकलत विहारापर्यंत नेली. आमच्या मंडळाचे अध्यक्ष गल्लीतलेच, तोंडाचे फटकळ. सगळ्यांसमोर म्हणाले, "दरवर्षी ढकलायचीच असेल तर हातगाडी बरी रे भावा, तिला पेट्रोल तरी लागत नाही."

माणसं हसली. हे पण हसले, पण घरी आल्यावर जेवले नाहीत.

त्याला कारण होतं. आमच्या वस्तीतली पहिली मिरवणूक निघाली तेव्हा माझे सासरे स्वतःच्या हातगाडीवर फोटो घेऊन निघाले होते, मागे मोजून पंधरा माणसं. मी काही त्यांना पाहिलं नाही, मी यायच्या आधीच गेले. पण घरात ही गोष्ट रोजच्या भाजीसारखी. फोटो आपल्याच गाडीवरून निघणार, हे ह्यांच्या डोक्यात पक्कं. आणि ह्या वर्षी अध्यक्षांनी मिटिंगमध्ये सांगून टाकलं होतं, एक चान्स देतो, परत बसली तर पुढच्या वर्षापासून कुळगावच्या ट्रॅक्टरवाल्याला कायमचं सांगायचं.

म्हणून जयंतीच्या तीन दिवस आधी ह्यांनी अंगणात जीप उघडली.

उघडली म्हणजे इंजिनाच्या बाजूचा धुराचा पाइप काढला. इंजिनाच्या चार भोकांतून धूर निघतो, तो ह्या बिडाच्या पाइपात गोळा होतो आणि खाली सायलेंसरला जातो, त्याला ते मॅनिफोल म्हणतात. हा एवढा जड, तांदळाची भरलेली बरणी जशी. गोणपाटावर ठेवून हे त्याच्यात डोकावत बसले. मी पोरीला पाजत उंबऱ्यावर. आणि एकदम म्हणाले, "सापडला चोर."

मी घाबरून पाय वर घेतले. मला वाटलं उंदीर.

"इकडे ये, बघ. तुझ्या चुलीवर तवा असतो का नाही? पेट्रोल आत जायचा रस्ता तो तवा. हा धुराचा पाइप खाली, हा जाळ. आणि मध्ये ही झडप."

बघितलं तर आत रुपयाहून थोडी मोठी बिडाची चकती, आडव्या दांडीवर बसवलेली. दांडीचं एक टोक बाहेर आलेलं, त्याच्यावर जिलबीसारखी गुंडाळलेली पत्र्याची स्प्रिंग आणि एक छोटं वजन. ह्याला मेकॅनिक लोक फ्लॅप म्हणतात.

"गाडी थंड असते तेव्हा ही जिलबी घट्ट असते," हे सांगायला लागले, "ती झडपेला धरून ठेवते, धुराचा सरळ रस्ता अडतो. मग गरम धूर वर जाऊन तव्याच्या बुडाला लागतो, पेट्रोलची नीट वाफ होते, गाडी खोकत नाही. गाडी तापली की जिलबी सैल पडते, वजन खाली येतं, झडप फिरते, आणि धूर सरळ सायलेंसरला. तव्याखालचा जाळ कमी."

"पण तिला कळतं कसं तापलं ते?"

"दोन जातीचे पत्रे एकावर एक चिकटवलेत. तापल्यावर एक जास्त पसरतो, दुसरा कमी. म्हणून ती वळते."

सासूला आम्ही आत्या म्हणतो. आत्या आतून भाकरी थापता थापता म्हणाल्या, "जीपमधी पण जात घातली का रं बाबा? आन एक जास्त पसरतो म्हने. बरोबर हाय."

आम्ही दोघं इतकं हसलो की पोरगी रडायला लागली.

तर आमची ती जिलबी गंजून दगड झाली होती. झडप अर्धी अडवूनच बसलेली. म्हणजे गाडी कितीही तापू दे, तव्याखाली जाळ चालूच. पळत्या गाडीला वारा लागतो, कसंतरी भागतं, पण मिरवणुकीत गाडी उभ्यासारखी, वारा नाही, तवा लाल, मग पेट्रोल आत जायच्या आधीच उकळायचं. "बर्फाच्या देशातल्या लोकांसाठी बनवलंय हे," हे म्हणाले, "आपल्याकडे एप्रिलमध्ये कोणाला शेकोटी पाहिजे? उल्हासनगरला नेऊन बंद करून टाकायचं. परत कटकट नको."

बंद करून टाकायचं. हे शब्द मी चांगले ऐकले.

जीप उघडी पडलेली म्हणून ह्यांनी त्या आठवड्यात एका कारखान्याच्या टेम्पोवर बदली ड्रायव्हर म्हणून काम धरलं होतं. मग ठरलं की मॅनिफोल मी न्यायचा. जयंतीच्या आदल्या सकाळी टेम्पोतून जाता जाता ह्यांनी मला, पोरीला आणि गोणीला उल्हासनगरच्या वेल्डिंगवाल्याच्या दारात उतरवलं. दुकान उघडलेलं नव्हतं. हे म्हणाले, "म्हातारा हुशार आहे, त्याला फक्त सांग, फ्लॅप बंद करायचा, त्याला कळेल," आणि गेले पण. मी फळकुटावर बसले. समोर रस्ता, हातगाड्या, जीन्सच्या कापडाचे गठ्ठे घेऊन पळणारी माणसं, सगळे हिंदी नाहीतर सिंधीत ओरडतायत, आणि मी सातवी शिकलेली बाई मनात घोकत बसले, फ्लॅप बंद करायचा, फ्लॅप बंद करायचा, लहानपणी दुकानात पाठवायचे तेव्हा रस्ताभर अर्धा शेर साखर अर्धा शेर साखर करत जायची, तसं.

म्हातारे आले, पांढरा पायजमा, चष्म्याला दोरी. सिंधीत बहिणीला अदी म्हणतात, ते सगळ्याच बायकांना म्हणायचे.

"बोलो अदी."

"ये फ्लॅप बंद करनेका है."

त्यांनी मॅनिफोल उचलून आत बघितलं, वजनावर बोट आपटलं. "बंद?"

"हां, बंद."

"पक्का?"

मला वाटलं बाई बघून कच्चं काम करून देतील. म्हणून मी आवाज चढवला. "एकदम पक्का. फिरसे कभी खुलना नहीं मंगता."

हे शेवटचं ह्यांनी सांगितलंच नव्हतं. ते माझं मीच वरून घातलं.

म्हाताऱ्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "अदी, गाडी गरम होगी. सोच लो."

मी काय सोचणार. पोरगी केस ओढत होती, आणि गाडी गरम होते म्हणूनच तर आलोय ना, असं माझ्या मनात. म्हटलं, "मेरे आदमीने बोला है."

"आदमीने बोला तो खतम. मेरी घरवाली मेरा बोला इतना मानती, तो मैं आज सेठ होता." दुकानातला दुसरा माणूस फिस्सकन हसला. मग त्यांनी गॅसची ज्योत लावून गंज सोडवला, जिलबी काढली, वजन करवतीने कापलं, दांडीला बोटभर थोटूक तेवढं ठेवलं, त्याला भोक होतं. झडप फिरवून दाबून बसवली. मला म्हणाले, "बच्ची का मुँह घुमाओ," आणि निळा उजेड पडला. दांडीला बाहेरून एक टाका. शिवणातला असतो तसाच शब्द, वेल्डिंगलाही टाकाच म्हणतात.

मग मला आत बोट घालून दाखवलं, "देखो, अब धुआँ सीधा जा ही नहीं सकता."

मी मान डोलावली! मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं आणि मान डोलावली. ह्यांनी अंगणात एवढं समजावलं होतं, तवा काय, जाळ काय, हसले पण होते मी. पण तिथे त्या फळकुटावर माझ्या डोक्यात फक्त एवढंच, की काम झालं, आता रस्ता ओलांडायचा कसा.

संध्याकाळी हे आले तेव्हा लाइट गेलेली. कंदिलाच्या उजेडात मॅनिफोल चढवला, टाक्यावरून अंगठा फिरवला, म्हणाले, "मस्त काम केलंय म्हाताऱ्याने." मला इतकं बरं वाटलं की मी त्या दिवशी आमटीत मीठ दोनदा घातलं.

जयंतीच्या सकाळी जीप पहिल्या सेल्फला चालू. बार नाही, खोकला नाही. ह्यांनी शेजाऱ्यांना ऐकवलं, "बघा, आमच्या हिने करून आणलंय." आत्यांनी मला बसल्या जागी चहा दिला. मी असं कधी बसून चहा प्यायले नव्हते त्या घरात. आता कळतं, चालू होणारच ना. थंड गाडी, आणि तव्याखाली आता अर्धा नाही, पुरा जाळ. थंड गाडीला तेच तर पाहिजे असतं.

अकराला हे अंबरनाथला शिवमंदिराच्या रस्त्यावर फुलवाल्याकडे हार आणायला गेले, यायला साडेबारा. गल्लीच्या तोंडाशी जीपने खोक काढला, अजून एक काढला, आणि तिथेच थांबली. मी पळत गेले. ह्यांनी बॉनेट वर केलेलं, आणि वरच्या कार्बोरेटरमध्ये पेट्रोलचा असा बुडबुड आवाज, दूध उतू जायच्या आधी येतो तसा. हारांवरचं पाणी सुकून गेलेलं.

"असं कसं," हे म्हणत होते, मला नाही, स्वतःलाच. "फ्लॅप तर कायमचा उघडा करून घेतलाय. उघडा असताना एवढं तापेलच कसं?"

उघडा.

मी मडगार्डला धरून उभी राहिले तर ते पण चटकलं. मिरवणूक चारला. मला एकदा वाटलं गप्प बसावं, पेट्रोलात भेसळ असेल म्हणतील, पंप गेला असेल म्हणतील, कोणाला काय कळणार. पण मग ट्रॅक्टर येणार, आणि ह्यांना आयुष्यभर कळणार नाही का बसली. मी एका दमात बोलून टाकलं, "अहो तुम्ही बंद म्हणाला होतात मी बंदच सांगितलं, आणि पक्का सांगितलं, आणि परत कधी उघडायला नको असं पण सांगितलं, त्याने मला दाखवलं पण, धूर सरळ जाणारच नाही म्हणाला, गाडी गरम होईल पण म्हणाला, मीच म्हटलं माझ्या मालकांनी सांगितलंय."

हे माझ्याकडे बघतच राहिले. तोंड उघडं. रागाने काहीतरी म्हणतील म्हणून मी पोरीला घट्ट धरलं.

"अगं, बंद म्हणजे," हे म्हणाले. "बंद म्हणजे त्याचं काम बंद. फ्लॅपच बंद."

"मग तेच तर सांगितलं."

आत्या आल्या होत्या मागून. त्यांनी पदर कमरेला खोचला. "तिच्याकडं काय बघतोस? दारू बंद केली म्हंजे सोडली, आन दुकान बंद केलं म्हंजे दार लावलं. तू दारू सांगितली, म्हाताऱ्यानं दुकान लावलं. तुमच्यात शहाना तोच. आता वेळ किती हाय ते बघ."

आणि हे हसले. खरंच हसले, बॉनेटवर हात मारून. माझ्या डोळ्यातून पाणी, ह्यांचं हसणं थांबेना.

पण वेळ नव्हता. मॅनिफोल परत काढायचा तर सगळं गार व्हायला पाहिजे, पॅकिंग फाटणार, तेवढ्यात चार वाजणार. ओली गोणपाटं टाकून पाऊण तास गार केलं. टाका बाहेरच्या अंगाला होता, छिन्नीने उडवला तर काम होणार होतं, पण तो इंजिनाच्या आणि पाइपाच्या सापटीत, ह्यांचा हातच जाईना. दोनदा घातला, दोनदा कातडं सोलून बाहेर.

मी म्हटलं, "मी घालते." कशी म्हटलं मला माहीत नाही.

बांगड्या काढून आत्यांकडे दिल्या, पोरगी पण. माझा हात कोपरापर्यंत गेला. आत अजून आच होती, तेलाचा वास, आणि मला दिसत काहीच नव्हतं, नुसतं बोटांना कळत होतं. हे म्हणाले, "मधोमध मार." मी हातोडीने दोन ठोके दिले, छिन्नी घसरली. मग माझ्या मनात आलं, मी लग्नाआधी घरबसल्या उल्हासनगरच्या कारखान्यांच्या पँटींचे धागे कापायची, चुकीची शिवण उसवायची, टाका मधोमध कधी तोडत नाहीत, कापड जातं. कडेला टोक घालून उचलतात. मी छिन्नीचं टोक टाक्याच्या कडेला टेकवलं, चाचपून चाचपून, आणि ठोकलं. चार बोटं चटका लागून लाल झाली. पाचव्या की सहाव्या ठोक्याला टक्क झालं.

"उसवला," मी म्हटलं.

आता झडप फिरवायची. वजन तर नाही, ठोक्यांनी दांडी पण हललेली, मग कुठल्या बाजूला उघडी, कुठल्या बाजूला बंद? म्हाताऱ्याने दाबून बसवली तेव्हा थोटूक कुठे होतं? मी डोळे मिटले, पोरगी केस ओढतेय, निळा उजेड, आणि थोटूक वर आभाळाकडे. "वर होतं," म्हटलं. "मग खाली घे," हे म्हणाले. पक्कडीने दांडी करकरत फिरवली, खाली आणली. पण सोडली तर हादऱ्याने परत फिरणार, आणि वेल्डिंगला वेळ नाही. थोटकाला भोक होतं ना, त्यातून ह्यांनी दिलेली तार ओवली, खालच्या बोल्टला तीन वेढे दिले, पीळ भरला. बटण लावतात तसं. ह्यांनी टॉर्च मारून वाकून वाकून बघितलं आणि म्हणाले, "हे वेल्डिंगपेक्षा भारी. थंडीत सोडता येईल, उन्हाळ्यात बांधता येईल."

तेवढ्यात अध्यक्ष आले. बॉनेट वर, माझे हात कोपरापर्यंत काळे, आत्यांच्या हातात माझ्या बांगड्या. "काय रे भावा, आता वहिनी पण ढकलायला घेतली का? ट्रॅक्टरवाला घरीच आहे, बोलावू?"

आत्याच म्हणाल्या, "बोलाव की. मागून येऊ दे त्याला. आमची दमली तर ओढंल, त्याची दमली तर आमची ओढंल."

चारला म्हणून सव्वापाचला निघाली मिरवणूक. मी पांढरी साडी नेसले पण बोटांना खोबरेल लावून चिंधी बांधलेली, पोरगी कडेवर, आणि मी बायकांच्या रांगेत नाही, जीपच्या बाजूने चालत होते. घोषणा चालल्या होत्या, ढोल होते, मला त्यातलं काही ऐकू आलं नाही, मी नुसतं इंजिन ऐकत होते. एवढ्या वर्षांत मी त्या आवाजापासून लांब पळायची, आणि आता कान त्याच्याकडेच. मिरवणूक थांबली की हे उतरून कार्बोरेटरला हात लावायचे आणि माझ्याकडे बघून मान हलवायचे.

नाक्यावर लेझीमवाली पोरं जमली आणि खेळायलाच लागली. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. जीप जागेवर उभी, इंजिन चालू, समोर माणसांची भिंत, वारा नाही. अध्यक्ष मागे वळून वळून बघत होते. माझ्या पाठीवरून घाम ओघळत होता, मी मनात म्हणत होते, पोरांनो पुरे, अरे पुरे ना. एका जागी आवाज जरासा खाली गेला. परत वर आला. ह्यांनी पाय थोडा दाबला होता फक्त.

पोरांचं झालं, जीप गिअरला पडली आणि हलली. कोणी ढकललं नाही.

विहाराशी पोचलो तेव्हा उजेड होता अजून. फोटो उतरवला, वंदना झाली, माणसं पांगली. अध्यक्ष आले, बॉनेटवर हात ठेवला, पटकन काढून घेतला, फुंकर मारली. "गरम आहे रे."

"गरम असणारच," हे म्हणाले. "चालून आलीय."

अध्यक्षांनी खिशातून बुंदीची पुडी काढली, ह्यांना दिली, आणि जाता जाता मागून आलेल्या ट्रॅक्टरवाल्याला लांबूनच हाताने नाही नाही करून दाखवलं. माझ्या बोटांना चिंधी, पोरगी खांद्यावर झोपलेली, मला पुडी धरता येईना. ह्यांनी तिथेच, सगळी वस्ती बघत असताना, चिमूट चिमूट बुंदी माझ्या तोंडात घातली. आत्यांनी तोंड दुसरीकडे केलं. मी लाजेने अर्धी सांडली, पण खाल्ली.